जुना सिम्फनी ट्रॉम्बोन घेताना: आधी स्लाइड, मग बाकी सगळं

मोठ्या बोअरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) पहिला ट्रॉम्बोन मी त्याच्या चकाकीला भुलून घेतला. लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर) नवं होतं, भोंग्यावर एक ओरखडा नव्हता, केसचं मखमली अस्तरसुद्धा शाबूत होतं. स्लाइड, म्हणजे सूर बदलायला पुढे-मागे सरकवायची नळी, चौथ्या पोझिशनच्या (ती धरायच्या सात जागांपैकी चौथीच्या) आसपास किंचित खरखरत होती. विकणारा म्हणाला, तेल घातलं की जाईल. मी तेल घातलं, क्रीम लावलं, पाणी मारलं, पण खरखर गेली नाही. शेवटी कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका जुन्या कारागिराकडे ती स्लाइड घेऊन गेलो. त्यांनी नळीवरून दोनदा बोट फिरवलं, डोळ्यासमोर धरून उजेडात पाहिली आणि शांतपणे परत दिली. म्हणाले, "पोचा काढून देईन, डाग देऊन जोड झाळीन, पण हे केसाएवढ्या फरकाचं काम आहे. यात मी हात घालणार नाही." त्या प्रामाणिक नकाराचे उपकार मी आजही मानतो. स्लाइड एका ओळखीच्या माणसाच्या सामानातून जर्मनीला गेली, आठ महिन्यांनी परत आली आणि दुरुस्तीला वाद्याच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे लागले.

तेव्हापासून कुणी जुना ट्रॉम्बोन बघायला बोलावलं की प्रत्येक दोषापाशी मी एकच प्रश्न विचारतो: हे पुण्यात दुरुस्त होईल का? भोंग्यावरचा पोचा निघतो, सुटलेला जोड झाळता येतो, बूच बदलता येतं. स्लाइड सरळ करणारा माणूस मात्र मला या शहरात आजवर भेटलेला नाही. म्हणून हा सगळा लेख स्लाइडभोवती फिरतो.

नेमकं काय शोधायचं

सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजणारा टेनर ट्रॉम्बोन म्हणजे बी-फ्लॅटचं, ०.५४७ इंच (१३.८९ मिलिमीटर) बोअरचं, साधारण साडेआठ इंची भोंग्याचं आणि एफ अ‍ॅटॅचमेंट असलेलं वाद्य. डाव्या अंगठ्यानं ट्रिगर दाबला की हवा जवळपास तीन फूट जादा नळीतून फिरते आणि नऊ फुटांचा बी-फ्लॅट ट्रॉम्बोन बारा फुटांचा एफ ट्रॉम्बोन होतो. लग्नाच्या बँडमध्ये, जॅझमध्ये किंवा सिनेसंगीतात वाजणारे ट्रॉम्बोन बहुतेक ०.५०० किंवा ०.५०८ इंच बोअरचे असतात. त्यांचा आवाज धारदार, थेट समोर जाणारा. ऑर्केस्ट्रात ब्रासच्या फळीत बसून तारवाद्यांच्या मागून भरीव, गोल आवाज द्यायचा तर ०.५४७च हवा. दोन्हींच्या मधला ०.५२५ इंचाचा बोअरही मिळतो. शिकणाऱ्याला तो चांगला, पण या लेखातलं वाद्य ते नव्हे.

नावं सांगायची तर बाख ४२बी आणि कॉन ८८एच ही दोन घराणी. बाख पिवळ्या पितळेच्या भोंग्याचा, ठाम आणि केंद्रित. कॉन रोज ब्रासच्या भोंग्याचा, जास्त उबदार, हळू वाजवतानाही रंग न सोडणारा. पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं असतं, गोल्ड ब्रासमध्ये ८५, रोज ब्रासमध्ये ९०. तांबं वाढत गेलं की रंग लालसर होतो. यामाहाचे वायएसएल-८८२ मालिकेतले ट्रॉम्बोन आणि त्याआधीचे ६८२ हे जुन्या बाजारातले सगळ्यांत भरवशाचे, कारण एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत त्यांच्यात फारसा फरक नसतो. त्यांच्याशिवाय होल्टन टीआर-१५८, किंग ४बी, एडवर्ड्स, शायर्स, कोर्तुआ, गेट्झन आहेत. एडवर्ड्स आणि शायर्स सुट्या भागांतून जुळवलेले असतात, त्यामुळे कोणता भोंगा, कोणती स्लाइड, कोणता लीडपाइप (माउथपीसपाशी स्लाइडच्या आत असलेली नळी) बसवलाय ते विक्रेत्याकडून लिहूनच घ्यावं.

'माउंट व्हर्नन'चा बाख आणि 'एल्कहार्ट'चा कॉन हे शब्द तुम्ही ऐकाल. बाखचा कारखाना १९५३ ते १९६४ या काळात न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननला होता, कॉनचा १९७०च्या सुमारापर्यंत इंडियानातल्या एल्कहार्टला. त्या काळच्या वाद्यांना संग्राहक जादा पैसे मोजतात. पहिलं व्यावसायिक वाद्य घेणाऱ्यानं त्या नावापायी पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. साठ वर्षं वाजलेली स्लाइड ही साठ वर्षं घासलेली स्लाइड असते. शिवाय जुन्या एल्कहार्ट कॉनच्या लीडपाइपचा उतार वेगळा, रेमिंग्टन म्हणून ओळखला जाणारा. आज सगळीकडे मिळणारा माउथपीस त्यात नीट बसत नाही, डुगडुगतो.

नवशिक्याची आणखी एक फसगत इथेच होते. ०.५४७ च्या ट्रॉम्बोनला मोठ्या शँकचा माउथपीस लागतो; शँक म्हणजे माउथपीसचा वाद्यात जाणारा दांडा. घरी असलेला छोट्या शँकचा घातला तर तो खोल आत जातो, सूर बिघडतो, आणि तुम्ही दोष वाद्याला देता. बघायला जाण्याआधी मोठ्या शँकचा एक माउथपीस, बाख ५जी किंवा साडेसहा एएल मापाचा, विकत तरी घ्या नाहीतर उसना आणा.

पुण्यात शोध कुठे घ्यायचा

या शहरात ट्रॉम्बोन कमी नाहीत. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिलं की प्रभात, दरबार अशा बँडांच्या रांगेत ते दिसतातच. पण ती वाद्यं मिरवणुकीची. त्यांतली बरीचशी मेरठच्या जली कोठी भागात बनलेली असतात. उघड्या रस्त्यावर, ढोलांच्या दणक्यात ऐकू जावं यासाठी ती घडवलेली असतात आणि ते काम चोख करतात. त्यांच्याकडून ऑर्केस्ट्राच्या आवाजाची अपेक्षा करणं म्हणजे त्यांच्यावरच अन्याय. बँडच्या वस्तादांना मात्र जरूर भेटा. कुणाच्या घरी कोणतं विलायती वाद्य माळ्यावर पडलंय याची जितकी खबर त्यांच्याकडे असते, तितकी दुकानदाराकडे नसते.

दुसरी वाट लष्कराची. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्स, खडकवासल्याला एनडीए. त्यामुळे निवृत्त बँड्समन खडकी, घोरपडी, वानवडी भागात बरेच राहतात. त्यांच्याकडे स्वतःच्या मालकीची चांगली वाद्यं निघतात आणि बहुतेकांनी ती शिस्तीत जपलेली असतात. वाद्य पलटणीचं नाही ना, हे मात्र अदबीनं विचारून खात्री करून घ्या. मग चर्चमधले वादक, परदेशी शिकून परतलेली मुलं, आणि मुंबई. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथल्या आणि मुंबईतल्या इतर ब्रास वादकांपर्यंत निरोप पोचवला की कुणीतरी वाद्य बदलत असल्याचं कळतं. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. केवळ फोटो बघून घेण्यापेक्षा तो एक दिवस खर्च झालेला केव्हाही परवडला.

जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेला इंग्रजी ट्रॉम्बोन दिसला तर मोह आवरा. ब्रिटिश बँडची वाद्यं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत 'हाय पिच'मध्ये बनत होती. त्यांचा ए सूर ४५२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळपास अर्ध्या सेमीटोननं चढा. शिवाय बोअर बारीक. ऐतिहासिक वस्तू म्हणून ती घरात ठेवण्याजोगी, ऑर्केस्ट्रात बसवण्याजोगी नव्हे.

बघायला जाताना

पिशवीत एवढं घ्या: स्वतःचा माउथपीस, ट्यूनर, जुन्या धोतराचं किंवा बनियनचं मऊ कापड, पाण्याची फवारणी बाटली, स्लाइडचं क्रीम, छोटा टॉर्च आणि एंडोस्कोप कॅमेरा. हा कॅमेरा म्हणजे फोनला जोडायची बारीक वायर आणि टोकाला दिवा. तपकीर गल्लीत तो स्वस्तात मिळतो. साडेपाच मिलिमीटरचा मागा, तो लीडपाइपमधून सहज जातो. आणि सोबत एक माणूस न्या. तो वादक नसला तरी चालेल, पण त्याला कान हवेत आणि "चल, विचार करून सांगतो" असं म्हणून तुम्हाला बाहेर काढण्याइतकं धैर्य हवं.

सकाळी जा. ट्यूबलाइटखाली लॅकर फसवतं, खिडकीचा उजेड फसवत नाही.

स्लाइड

पहिलं काम म्हणजे स्लाइड पुसून काढणं. विक्रेत्यानं आदल्या रात्री दाट क्रीम थापलेलं असलं तर स्लाइड लोण्यासारखी चालते आणि आठवड्यात खरं रूप दाखवते. परवानगी घेऊन बाहेरची स्लाइड काढा, आतल्या दोन्ही नळ्या कापडानं कोरड्या करा. परवानगी देत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघा.

आता आतल्या नळ्या खिडकीपाशी नीट बघा. त्यांच्यावर क्रोमचा थर असतो. टोकाशी काही इंच नळी किंचित जाड असते, तिला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला प्रत्यक्ष टेकतो तो मुख्यतः हाच भाग. क्रोम गुळगुळीत, एकसारखं चकाकणारं हवं. उभे बारीक ओरखडे चालतात. क्रोम उडून खालचा पिवळा किंवा करडा धातू दिसत असेल, बोटाला कडा लागत असेल, तर ती स्लाइड तिच्या आयुष्याच्या उतारावर आहे. इथे पुणेकराच्या मनात हमखास एक विचार येतो: भोसरीत हार्ड क्रोम करणारे एवढे कारखाने आहेत, तिथून थर चढवून घेऊ. माझ्याही मनात आला होता. पण ही नळी पिस्टन रॉड नव्हे. तिचा पत्रा अतिशय पातळ, आणि आतली-बाहेरची नळी यांच्यातली मोकळीक केसाएवढी. थर थोडा जाड झाला की स्लाइड आत जाणारच नाही, आणि घासून बेतात आणण्याचं कसब वेगळंच. तो नाद नको.

मग सरळपणा. आतली नळी बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा आणि खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब तिच्यावरून सरकताना पाहा. रेघ सरळ सरकली तर ठीक, एखाद्या जागी वळली तर नळी तिथे वाकलेली. त्यानंतर स्वयंपाकघरात जा. ग्रॅनाइटचा ओटा ही प्रत्येक पुणेरी घरात असलेली उत्तम सपाट पातळी. ओट्यावर पंचा न टाकता, फक्त पुसून, आतली स्लाइड आडवी ठेवा. वरची जाड बॅरल आणि मूठ ओट्याच्या कडेबाहेर राहू द्या, म्हणजे दोन्ही नळ्याच दगडावर टेकतील. एका टोकाला हलकं बोट लावा. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी डुगडुगली तर दोन नळ्या एका पातळीत नाहीत, स्लाइड पिळली गेलीय. बहुतेकदा हे कुणीतरी ती पडताना आडवी पकडल्यामुळे किंवा केसमध्ये दाबून बसवल्यामुळे होतं.

पुढची चाचणी सगळ्यांत बोलकी आहे, आणि फार थोडे लोक ती करतात. आतल्या स्लाइडची एकच नळी बाहेरच्या स्लाइडच्या तिच्याच नळीत घाला, दुसरी बाजूला मोकळी राहू द्या. हळू वर-खाली करा. मग दुसरी नळी तशीच एकटी तपासा. दोन्ही एकेकट्या सुरळीत चालतात, पण एकत्र घातल्यावर घासतात, असं असेल तर नळ्या शाबूत आहेत, फक्त समांतर नाहीत. हा दोष जाणकार कारागीर दुरुस्त करू शकतो. एकटी नळीच अडखळत असेल तर ती वाकलेली आहे, पोचलेली आहे किंवा गोलाई हरवून बसलीय. बाहेरच्या नळीवरून अंगठा आणि तर्जनी हळू फिरवली की तो खड्डा सापडतोच. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. माझ्या पहिल्या ट्रॉम्बोनमध्ये हीच चाचणी केली असती तर चौथ्या पोझिशनची ती खरखर खालच्या नळीतल्या मसुराएवढ्या खड्ड्याची आहे हे मला पाच मिनिटांत कळलं असतं.

आता क्रीमचा अगदी पातळ थर स्टॉकिंगवर लावा, पाण्याचा फवारा मारा, स्लाइड जोडा. कुलूप उघडून ती जमिनीकडे हळूहळू तिरकी करत न्या, खाली सोबत्याचा हात ठेवून. चांगली स्लाइड थोड्याशाच उतारावर स्वतःच्या वजनानं निघते आणि शेवटपर्यंत एका वेगानं जाते. मध्ये कुठे थबकली तर जागा लक्षात ठेवा आणि पुन्हा करा. दोनदा त्याच जागी थबकली तर तो योगायोग नाही.

हवाबंदपणा तपासायला स्लाइड उभी धरा. माउथपीसचं भोक आणि भोंग्याकडचं भोक अंगठ्यांनी घट्ट दाबा, पाण्याची चावी (साचलेलं पाणी काढायची झडप) बंद आहे ना ते बघा, आणि सोबत्याला बाहेरची स्लाइड दोन इंच खाली ओढून हात खालीच धरून सोडायला सांगा. ती वर खेचली गेली किंवा जागीच लटकून राहिली तर उत्तम. सुळकन खाली आली तर गळती आहे. आधी चावीचं बूच ओलं करून पुन्हा बघा. निम्म्या वेळा गळती तिथेच असते आणि ती दुरुस्ती घरी बसून होते. बूच ठीक असूनही गळत असेल तर स्लाइडच झिजलीय.

शेवटी कॅमेरा लीडपाइपमध्ये घाला. माउथपीसजवळची ही आतली नळी थुंकी आणि ओलावा सगळ्यांत जास्त सोसते. पितळेतलं जस्त झिरपून गेलं की उरतं ते सच्छिद्र, गुलाबी तांबं. त्याला रेड रॉट म्हणतात. बाहेरून ते लॅकरखाली गुलाबी ठिपक्यांसारखं दिसतं, बऱ्याचदा मधोमध काळा बिंदू असलेलं. घासून ते जात नाही, कारण तो मळ नसून धातूच बदललेला असतो. एखाद-दुसरा ठिपका असेल तर भाव उतरवून घ्या. खालच्या वळणदार नळीवर पुरळ उठल्यासारखे दिसत असतील तर घेऊ नका. लीडपाइप सुटा असेल तर तो बदलता येतो, झाळलेला असेल तर ते काम जाणत्याचंच.

व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह म्हणजे ट्रिगर दाबल्यावर हवा जादा नळीत वळवणारी झडप. पुण्यात राहून घेत असाल तर साधा रोटरी व्हॉल्व्हच घ्या, ज्यात आतला रोटर गोल फिरतो. थेयर किंवा इतर अ‍ॅक्शियल व्हॉल्व्हचा आवाज मोकळा असतो, हे मी मान्य करतो. पण तो शंकूच्या आकाराचा व्हॉल्व्ह झिजला, गळू लागला की नीट बसवायला हात लागतात आणि ते हात इथे नाहीत. हागमान व्हॉल्व्ह घ्यायचा तर आधीच्या मालकाकडे देखभालीच्या नोंदी आहेत का बघा.

रोटरी तपासणं सोपं. ट्रिगर न दाबता एफ बाजूची ट्यूनिंग स्लाइड झटकन बाहेर ओढा. 'पॉप' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. आवाज आला नाही तर गळती आहे. मग ट्रिगर भराभर दाबून सोडा. खटखट होत असेल तर ती कुठून येते ते ऐका. जोडदांड्याचा सांधा सैल असेल, दोरीचा ट्रिगर असून दोरी ढिली असेल, किंवा बूच झिजलं असेल तर चिंता नाही. दोरीच्या जागी मासेमारीची मजबूत दोरी, बुचाच्या जागी ब्लेडनं कापलेला बुचाचा तुकडा, एवढ्यानं काम होतं. पण बोटानं रोटरची दांडी हलवल्यावर ती आडवी हलत असेल तर बेअरिंग झिजलंय, आणि ते काम पुन्हा बाहेरगावचंच. मागचं झाकण फिरवून काढा. आत रोटरवर आणि प्लेटवर खुणा असतात. ट्रिगर दाबलेला आणि सोडलेला, दोन्ही स्थितींत त्या तंतोतंत जुळायला हव्यात. जुळत नसतील तर आवाज घुसमटतो, आणि बिचारं वाद्य उगाच बदनाम होतं.

भोंगा, डाग, लॅकर

भोंग्याच्या पसरट भागावरचे पोचे मला फारसे छळत नाहीत. बँडची वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर ते सरळ करून देतात. फक्त आत योग्य आकाराचा लोखंडी साचा घालून काम करतात का, एवढं विचारा. नुसत्या हातोडीनं ठोकणाऱ्याकडे देऊ नका. काळजी करायची ती भोंग्याच्या अरुंद मानेवरच्या घडीची. तिथे पत्रा एकदा मुडपला असेल तर सरळ केल्यावरही रेघ राहते आणि पुढे तिथूनच चीर जाते. भोंग्याला बोटांच्या पेरांनी हलक्या टिचक्या मारत फिरा. कुठे झणझण झाली तर जोड सुटलाय. तो झाळून मिळतो.

लॅकर उडालेलं वाद्य वाईट नसतं. पुन्हा लॅकर मारलेलं वाद्य मात्र मी शंकेनं बघतो, कारण लॅकरआधी पॉलिशच्या चाकावर धातू घासला जातो आणि पातळ होतो. भोंग्यावरच्या कोरीव अक्षरांच्या कडा बोथट, पुसट दिसल्या तर ओळखा. नवं लॅकर जुन्या दुरुस्त्याही झाकतं.

नावाजलेल्या मॉडेलच्या नकलाही फिरतात. कोरीवकाम उथळ, नंबर छापल्यासारखा, स्लाइड हलकी आणि किंमत अविश्वसनीय असेल तर हात मागे घ्या. सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि अधिकृत विक्रेत्याला दाखवा.

वाजवून बघताना

दहा मिनिटं लांब सूर लावा, घाई करू नका. मग खालचा एफ सहाव्या पोझिशनला वाजवा आणि लगेच तोच ट्रिगर दाबून पहिल्या पोझिशनला. त्यावरचा सी असाच दोन्हीकडे. ट्रिगरवरचा आवाज थोडा वेगळा असणारच, पण उशी तोंडावर ठेवल्यासारखा बुजला तर व्हॉल्व्हकडे परत जा.

ट्यूनर लावून पहिल्या पोझिशनचे सगळे सूर क्रमानं तपासा. पाचवा हार्मोनिक (त्याच पोझिशनला निघणाऱ्या सुरांतला खालून पाचवा), म्हणजे डी, साधारण १४ सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) उतरलेला आणि सातवा जवळपास ३१ सेंट उतरलेला असतो. तो निसर्गाचा हिशेब आहे, त्यावर भाव पाडू नका. त्याहून फार वेगळं काही दिसलं तर दोष शोधा.

मग दोन टोकं. अगदी हळू, जवळजवळ श्वासाएवढा खालचा बी-फ्लॅट: सूर लगेच बोलतो की आधी हवा फुसफुसते? आणि उंच टोक: रावेलच्या १९२८ सालच्या बोलेरोतला ट्रॉम्बोन सोलो वरच्या डी-फ्लॅटपर्यंत चढतो, तो तुकडा किंवा त्या पट्टीतलं काहीही. मोझार्टच्या रेक्विएममधला ट्युबा मिरमचा सोलो माहीत असेल तर तोही वाजवा. ऑडिशनला तो वारंवार मागितला जातो आणि मधल्या पट्टीतली सूरसंगती तो लपू देत नाही. सोबत्याला तीस फुटांवर उभं करून फोनवर ध्वनिमुद्रण करून घ्या. फ्लॅटमध्ये शेजारी रागावतील अशी भीती असेल तर गच्चीवर जा. वाद्य मोकळ्या हवेत कसं बोलतं तेही कळेल.

भाव

चांगल्या स्थितीतला जुना व्यावसायिक ट्रॉम्बोन नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत मिळतो, असं धरून बोलणी सुरू करा. मग तुमच्या वहीतले दोष तीन रकान्यांत मांडा. पुण्यात होणाऱ्या दुरुस्त्या: पोचे, डाग, बुचं, अडकलेल्या ट्यूनिंग स्लाइड. यांचा अंदाजे खर्च किमतीतून वजा करा. बाहेर पाठवाव्या लागणाऱ्या दुरुस्त्या: समांतर नसलेली स्लाइड, सैल रोटर. यांचा खर्च दुप्पट धरून वजा करा, कारण वाद्याचा प्रवास आणि तुमचे वाद्याविना गेलेले महिनेही त्यात आहेत. तिसऱ्या रकान्यात उडालेलं क्रोम, पसरलेला रेड रॉट, मानेवरची घडी. इथे घासाघीस करायची नाही, वाद्य सोडायचं. एकच अपवाद: बाखसारख्या मॉडेलला नवी स्लाइड सुटी मिळते. ती धरूनही सौदा परवडत असेल तर विचार करा.

इसार देण्याआधी चिठ्ठी करा. तिच्यात मॉडेल, सिरीयल नंबर, दिसलेले दोष, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात. विकणारे काका कितीही जवळचे असले तरी.

परदेशातून मागवायचा असेल तर

इथे बरेच जण घाईत अडकतात. फुंकवाद्यं कस्टमच्या ९२०५ या शीर्षकाखाली येतात. मूळ किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून त्यावर ड्युटी लागते, आणि त्या सगळ्यावर आयजीएसटी. त्याहून महत्त्वाचं असं की भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात निर्बंधित आहे, तिला डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. म्हणून पैसे पाठवण्याआधी कस्टम ब्रोकरला लेखी विचारा. परदेशातून येणारं ओळखीचं कुणी सामानातून आणणार असेल तर बिल सोबत द्या आणि विमानतळावर जाहीर करायला सांगा.

पाठवणाऱ्याला पॅकिंग तुम्हीच समजावून सांगा. स्लाइड कुलूप लावून, वेगळी गुंडाळून, केसमध्ये जराही न हलणारी. भोंग्याच्या आत आणि भोवती फोम. केस एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात. आणि पाठवण्याआधी व्हिडिओवर एकेका नळीची ती चाचणी करून दाखवायला सांगा. जो करून दाखवेल त्याच्याकडूनच घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून आंघोळ घाला. पाणी गरम नको, लॅकर सुटतं. लवचिक ब्रश सगळ्या नळ्यांतून फिरवा, रोटर वाहत्या पाण्यानं धुवा, मग तेल घाला. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की या पितळेला पितांबरी, चिंच, लिंबू यांतलं काही लावायचं नाही. देवघरातल्या समईवर जे चालतं ते लॅकर आणि क्रोमवर चालत नाही. माझ्या आईनं प्रेमानं चिंच भिजत घातली होती, वेळेवर पाहिली म्हणून बरं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. वाजवून झालं की स्लाइड पुसल्याशिवाय केसमध्ये ठेवू नका. आणि पहिले तीस दिवस रोज सकाळी वाजवण्याआधी एकदा ती उतारावर सोडून बघा. कुठे थबकते का, ते वहीत तारीख घालून टिपा. विक्रेत्याशी बोलायची वेळ आली तर ती वही तुमच्या हातात असेल.